दुरुस्तीचीही नोंद हवी

रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी ठरले आणि धानाने हिरवा रंग धरला, की गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे अलीकडच्या वर्षांत आणखी एक काम उभे राहते. ते चिखलातले नव्हे, मोबाईलवरचे आहे. धुऱ्यावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे, गट क्रमांक, क्षेत्र व पिकाचे नाव भरावयाचे आणि 'ई-पीक पाहणी'ची नोंद शासनाकडे पाठवावयाची. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात हे काम पुष्कळदा घरातील महाविद्यालयीन मुलाकडे वा मुलीकडे येते. वडील बांधीत आणि मुलगा धुऱ्यावर, अशी ही नवी श्रमविभागणी आहे. अशा वेळी एखादे दिवशी पडद्यावर एवढेच वाक्य उमटते, की ही आवृत्ती जुनी झाली, नवी उतरवून घ्या. कालपर्यंत जे चालत होते ते आज का चालू नये, नव्या आवृत्तीत नेमके काय बदलले, आणि काल भरलेल्या माहितीचे काय झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या मुलापाशी नसतात आणि त्याच्या वडिलांपाशी तर नसतातच.

संगणक-प्रणालींच्या आवृत्त्यांना क्रमांक कसे द्यावेत आणि त्यांतील दोष दुरुस्त करून ती दुरुस्ती लोकांपर्यंत कशी पोचवावी, हा विषय आजवर तंत्रज्ञांनी आपसांत मिटविण्याचा मानला गेला. सर्वसामान्य माणसाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या दिवशी सातबाऱ्यावरील पिकाची नोंद, आणि त्या नोंदीच्या आधारे आधारभूत केंद्रावर होणारी धानाची खरेदी, एका ॲपच्या चालण्या-न चालण्यावर अवलंबून राहू लागली, त्या दिवशी हा विषय तंत्रज्ञांच्या खोलीतून बाहेर आला. तो आता नागरिकांच्या हक्काचा आणि म्हणून अर्थकारणाचाही विषय झाला आहे.

आकड्यांमागील करार

आवृत्ती-क्रमांक म्हणजे काय, हे समजण्यासाठी शिक्षकाला फार दूर जावे लागणार नाही. पाठ्यपुस्तकात छपाईच्या चुका राहिल्या तर प्रकाशक शुद्धिपत्र जोडतो. त्यामुळे पाने सरकत नाहीत. वर्गातील निम्म्या मुलांपाशी जुनी प्रत असली तरी शिकवणे अडत नाही. पुढच्या खेपेस एखादे परिशिष्ट वाढविले, तरी जुन्या पानांना धक्का लागत नाही. परंतु प्रकरणांची फेररचना करून 'सुधारित आवृत्ती' काढली, की जुनी प्रत कुचकामी होते आणि पालकांना नवे पुस्तक विकत घ्यावे लागते. शुद्धिपत्र, परिशिष्ट आणि सुधारित आवृत्ती या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणती गोष्ट घडली हे मुखपृष्ठावर प्रामाणिकपणे छापणे हा प्रकाशनव्यवहारातील सभ्यतेचा भाग मानला जातो.

संगणकाच्या जगात हेच काम तीन आकडे करतात. एखाद्या प्रणालीची आवृत्ती २.४.७ असेल, तर शेवटचा आकडा शुद्धिपत्राचा, मधला परिशिष्टाचा आणि पहिला फेररचनेचा. शेवटचा आकडा वाढला तर केवळ दोष दूर झाले, वापरणाऱ्याने निर्धास्त असावे. मधला वाढला तर नवी सोय आली, जुने काही मोडलेले नाही. पहिला वाढला तर मात्र सावध व्हावे. कालची पद्धत आज चालेलच असे नाही. 'गिटहब' या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी हा संकेत नियमांच्या रूपाने लिहून काढला आणि जगभरच्या प्रणालीकारांपैकी अनेकांनी तो स्वीकारला. त्यातील एक नियम विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. एकदा एखाद्या क्रमांकाने प्रणाली प्रसिद्ध केली, की त्याच क्रमांकाखाली तिच्यात पुन्हा तसूभरही बदल करावयाचा नाही. बदल कितीही लहान असो, त्याला नवा क्रमांक दिलाच पाहिजे. तात्पर्य, हा आकडा शोभेचा नाही. तयार करणारा आणि वापरणारा यांच्यामधील तो एक करार आहे.

चावडीतील जुनी शिस्त

हा नियम वाचताना महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या कारकुनाला मात्र नवल वाटणार नाही. गावच्या चावडीत हीच शिस्त संगणकाच्या कितीतरी आधीपासून पाळली जात आली. जमिनीच्या हक्कात बदल झाला, म्हणजे वारस लागले, खरेदीखत झाले किंवा वाटणी झाली, तर तलाठी सातबारा उघडून जुने नाव खोडीत नाही. तो प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, बदलाला अनुक्रमांक देतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, ती चावडीवर लावावी लागते आणि हरकत आल्यास तिची स्वतंत्र नोंद घेऊन निर्णय करावा लागतो. वरिष्ठाने नोंद प्रमाणित केल्यानंतरच ती अधिकार अभिलेखात पक्की होते. हस्तलिखिताच्या काळात तोवर ती पेन्सिलीने दाखविण्याची रीत होती. जुने नाव कंसात जाते, पण पुसले जात नाही. त्याच्या शेजारी फेरफाराचा क्रमांक राहतो, आणि पन्नास वर्षांनी एखादा नातू कचेरीत आला तर तो क्रमांक धरून त्याला आजोबांपर्यंत पोचता येते.

इतकेच नव्हे, तर बदल आणि चुकीची दुरुस्ती यांत या कायद्याने भेद केलेला आहे. हक्क बदलला तर फेरफार; लिहिताना हाताची चूक झाली असेल तर कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती. दोहोंची वाट वेगळी, अधिकार वेगळा, पण कागदावर खूण दोहोंचीही राहते. पहिला आकडा आणि शेवटचा आकडा यांतील जो भेद संगणकशास्त्र मोठ्या अभिमानाने सांगते, तो आमच्या चावडीला निराळ्या शब्दांत ठाऊक होता.

गोंदियाच्या मातीत या शिस्तीचे मोल अधिकच आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा १९५६ पूर्वी मध्य प्रदेशात होता आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात येईपर्यंत येथील तलाव मालगुजारांचे होते. त्या तलावांच्या पाण्यावरील आणि गावरानावरील निस्तार हक्काचा प्रश्न निघाला, की आजही जुनी निस्तारपत्रके शोधावी लागतात. राज्य बदलले, जिल्हा बदलला, अभिलेखाचे नमुने बदलले; तरी जुना कागद जपला गेला असेल तर गावाचा हक्क सांगता येतो. जुनी आवृत्ती टाकून न देण्याचा हा व्यावहारिक लाभ आहे.

सातबाऱ्याचे संगणकीकरण झाले तेव्हा या शिस्तीची मोठी परीक्षा झाली. हस्तलिखित उतारे संगणकात चढविताना नावे, क्षेत्रे व वर्ग यांत चुका शिरल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर 'चावडी वाचन' करण्यात आले. संगणकातील उतारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवावयाचे आणि ज्याला चूक आढळेल त्याने ती सांगावयाची. मोठमोठ्या कंपन्या आपली प्रणाली प्रसिद्ध करण्यापूर्वी निवडक ग्राहकांना तपासावयास देतात; येथे जुन्या ग्रामसंस्थेच्या आधाराने अवघ्या गावालाच तपासनीस केले गेले. संगणकाला चावडीपासून शिकण्यासारखे काही असू शकते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

ठिगळाचे महत्त्व आणि धोके

आपली चूक नोंदवून ठेवण्यात कमीपणा नाही, हे विद्वानांनीही दाखवून दिले आहे. गणिती मजकुराच्या छपाईसाठी 'टेक' ही प्रणाली निर्माण करणारे अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांनी १९७८ पासून तीतील प्रत्येक चुकीची क्रमवार नोंद ठेवली आणि १९८९ मध्ये त्या चुकांवर प्रबंध प्रसिद्ध केला. चूक प्रथम दाखवून देणाऱ्याला ते स्वतः पारितोषिक पाठवीत. या प्रणालीच्या आवृत्तीचा क्रमांक ३.१४, ३.१४१ असा प्रत्येक दुरुस्तीगणिक 'पाय' या गणिती संख्येकडे सरकतो. म्हणजे दुरुस्त्या होत राहतील, पण प्रत्येक दुरुस्ती आधीहून लहान असेल आणि मूळ रचना हलणार नाही, असे आश्वासनच त्या आकड्यात आहे.

दुरुस्ती टाळणे मात्र परवडणारे नाही. कागदी छिद्रपट्टीवर संगणकाच्या आज्ञा असत त्या काळी चुकीच्या छिद्रांवर कागदाचा तुकडा डकवून त्या बदलीत. तेव्हापासून दोषदुरुस्तीला इंग्रजीत 'ठिगळ' या अर्थाचा शब्द रूढ झाला. ते ठिगळ वेळेवर न लावल्याचे परिणाम जगाने २०१७ मध्ये पाहिले. विंडोज प्रणालीतील एका भगदाडावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती त्यांना १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने गाठले. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज कोलमडले. २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला आणि त्याचा तडाखा उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसला. परंतु या दुसऱ्या घटनेची दुसरी बाजूही आहे. हा उपद्रव युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीच्या अधिकृत नव्या आवृत्तीच्या वाटेने शिरला होता. म्हणजे आत शिरल्यावर तो पसरला तो अंशतः जुने ठिगळ न लावल्यामुळे, आणि आत शिरला तो नव्या ठिगळावर विश्वास ठेवल्यामुळे!

१९ जुलै २०२४ रोजी तर शत्रूचीही गरज पडली नाही. 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष दुरुस्तीने जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची पाळी आली. लहानसा बदल होता, पण तो एकाच वेळी सर्वत्र धाडला गेला. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने पाठवावी हा धडा त्या कंपनीने त्यानंतर घेतला. तेव्हा प्रश्न दुरुस्ती करावी की न करावी हा नाहीच. ती कोणत्या रीतीने करावी, हा आहे.

खर्च कोणाचा?

आता पुन्हा गोंदियाच्या धुऱ्यावर यावे. ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. १ ऑगस्ट २०२२ रोजी तिची दुसरी आवृत्ती आली आणि तीत झालेले बदल खरोखरच पहिल्या आकड्याच्या योग्यतेचे होते. आधी शेतकऱ्याच्या प्रत्येक नोंदीला तलाठ्याची मान्यता लागे. नव्या आवृत्तीत शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरून तलाठ्याने किमान १० टक्के नोंदी तपासावयाच्या असे ठरले. छायाचित्र त्याच गटातील आहे काय हे पाहण्याची सोय आली. आपली चूक ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा शेतकऱ्याला मिळाली. आणि हे सर्व बदल त्या वेळी जाहीरही करण्यात आले होते. ही रीत योग्यच होती. पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जुळवून घेताना ॲपचे स्वरूप पुन्हा बदलले. नव्या योजनेत असे बदल अटळ असतात, हे मान्य केले पाहिजे.

परंतु मोठ्या बदलाच्या वेळी जे सांगितले जाते ते लहान बदलाच्या वेळी सांगितले जातेच असे नाही, आणि हा दोष केवळ एका ॲपचा नव्हे. बँकेचे ॲप असो, शिष्यवृत्तीचे असो वा शाळेच्या हजेरीचे, 'किरकोळ दोष दूर केले व कार्यक्षमता वाढविली' या एका वाक्यात सारे गुंडाळले जाते. कोणते दोष? ते असताना भरलेल्या अर्जांचे काय? या वाक्याच्या आड कधी खरोखर शुद्धिपत्र असते, तर कधी अख्खे प्रकरण बदललेले असते. करारातील एक पक्ष करार बदलतो आणि दुसऱ्याला फक्त 'मान्य आहे' एवढे बटण दाबता येते.

यात पणाला काय लागलेले असते ते पाहावे. २०२४-२५ च्या खरीप हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. शिवाय राज्य शासनाने नोंदणीकृत धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली होती. हमीभावाच्या केंद्रावर धान न्यावयाचे तर चालू हंगामाच्या पिकाची नोंद असलेला सातबारा लागतो. ती नोंद मुदतीत झाली नाही, तर अल्पभूधारकाला व्यापाऱ्याचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याच्याजवळ दीड-दोन एकर धान आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक मुलीच्या वसतिगृहाच्या शुल्काएवढा किंवा पुढील हंगामाच्या खताएवढा असतो.

अर्थशास्त्रात एका प्रकारच्या खर्चाला बाह्य खर्च म्हणतात. कारखाना नदीत सांडपाणी सोडतो. त्याच्या हिशेबवहीत तो खर्च दिसत नाही, कारण तो खालच्या गावाने सोसलेला असतो. पूर्वसूचनेवाचून केलेला प्रणालीतील बदल हा असाच खर्च निर्माण करतो. राजधानीतील कार्यालयात एक बटण दाबण्याला जवळजवळ काहीच पडत नाही. पण त्या बदलापायी एका तालुक्यातील १०,००० खातेदारांना प्रत्येकी अर्धा दिवस जरी तालुक्याच्या गावी घालवावा लागला, असे धरले, तरी ५,००० मनुष्यदिवस वाया जातात. ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत, आणि जो खर्च दिसत नाही तो कमी करण्याची इच्छाही कोणास होत नाही. नोंद सक्तीची केली, की करणाराला आपल्या कृतीचा खर्च निदान कागदावर पाहावा लागतो.

तीन साधे नियम

यावर उपाय अवघड नाही, आणि त्यासाठी परदेशातून तज्ज्ञ आणण्याचीही गरज नाही. ज्या ॲपवर नागरिकाचा कायदेशीर वा आर्थिक हक्क अवलंबून आहे, त्याला फेरफार नोंदवहीचा नियम लावावा, एवढेच.

पहिली गोष्ट, प्रत्येक आवृत्तीला क्रमांक व दिनांक असावा आणि काय बदलले, का बदलले, कोणाला त्यामुळे काय करावे लागेल हे सांगणारे बदलपत्रक सोप्या मराठीत प्रसिद्ध व्हावे. ते ॲपमध्ये असावेच, पण ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागावे. जुनी बदलपत्रकेही काढून टाकू नयेत.

दुसरी गोष्ट, दोषदुरुस्ती आणि पद्धतीतील बदल एकाच आवृत्तीत मिसळू नयेत. सुरक्षेचे ठिगळ तत्काळ, पण टप्प्याटप्प्याने लावावे. त्यासाठी कोणाची वाट पाहू नये. परंतु भरण्याची रीत, अटी किंवा लागणारे कागद बदलावयाचे असतील तर ते हंगामाच्या आधी, पुरेशी सूचना देऊन बदलावेत. मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात नियम बदलणारी आवृत्ती काढू नये.

तिसरी गोष्ट, शेतकऱ्याला मिळणाऱ्या पोचपावतीवर आवृत्तीचा क्रमांक असावा. एखाद्या आवृत्तीत दोष होता असे पुढे आढळले, तर त्या क्रमांकाच्या साऱ्या नोंदी शोधून त्या दुरुस्त करण्याची किंवा मुदत वाढवून देण्याची जबाबदारी शासनाची राहील. दोष प्रणालीचा असेल तर भुर्दंड शेतकऱ्याला पडू नये, हे तत्त्व मान्य झाले की बाकीच्या गोष्टी आपोआप सुधारतील.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की बदलपत्रके कोणी वाचीत नाही. फेरफाराची नोटीस तरी गावातील किती जण वाचतात? ज्याची जमीन जात असते तो एकटा वाचतो, आणि तेवढे पुरते. त्या एकाच्या हरकतीसाठीच तर ती नोटीस असते. बदलपत्रक गावातील शिक्षकाने, सेवा सहकारी संस्थेच्या गटसचिवाने किंवा एखाद्या विद्यार्थ्याने वाचले, तरी साऱ्या गावाला त्याचा उपयोग होईल. दुसरा आक्षेप असा, की जुनी आवृत्ती काही काळ चालू ठेवण्यास व प्रत्येक बदल लिहिण्यास मनुष्यबळ लागते. ते लागतेच. पण ते मनुष्यबळ आजही खर्च होतच आहे. फरक इतकाच, की ते शेतकऱ्याच्या घरचे आहे आणि त्याचा मोबदला कोणी देत नाही.

मनुष्याने केलेल्या कोणत्याही रचनेत चुका राहणार, आणि संगणकाची प्रणाली त्याला अपवाद नाही. चुकीबद्दल कोणी कोणास दोष देऊ नये. परंतु दुरुस्ती ही गुपचूप उरकण्याची गोष्ट नव्हे, हे एका साध्या तलाठ्याच्या वहीला कळत होते. त्या वहीत जुने नाव कंसात जाई, नवे नाव लिहिले जाई, शेजारी क्रमांक पडे आणि चावडीवर कागद लागे. आता वही जाऊन मोबाईल आला, तलाठी हे पदनामही बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले. कंस, क्रमांक आणि चावडीवरचा तो कागद एवढे मात्र नव्या व्यवस्थेत बरोबर आणावयास हवे. तसे झाले तर पुढल्या श्रावणात धुऱ्यावर उभा असलेला मुलगा बांधीतल्या वडिलांना निदान इतके तरी सांगू शकेल, की काय बदलले आणि आपल्याला काय करावयाचे आहे.